सहकुटुंब उद्यानात जाताना : सिद्धार्थ उद्यान आणि पैठणच्या सहलीची आखणी

मराठवाड्यात घरातल्या सगळ्यांना घेऊन एक दिवस बागेत घालवायचा म्हटले की दोन नावे आधी निघतात. एक म्हणजे छत्रपती संभाजीनगरच्या मध्यवर्ती बसस्थानकाजवळचे महापालिकेचे सिद्धार्थ उद्यान, जिथे बागेला जोडून प्राणिसंग्रहालय आहे. दुसरे म्हणजे तेथून दक्षिणेला सुमारे ५० किलोमीटरवर, जायकवाडी धरणाच्या पायथ्याशी, म्हैसूरच्या वृंदावन उद्यानाच्या धर्तीवर उभारलेले पैठणचे संत ज्ञानेश्वर उद्यान. दोन्ही ठिकाणी बहुतेक कुटुंबे आवराआवर करून उशिरा निघतात आणि ऐन दुपारी फाटकाशी पोहोचतात. मग लेकरे किरकिर करतात, म्हातारी माणसे सावली शोधतात आणि कुणालाच काही धड पाहता येत नाही. प्राणी पाहायचे तर सकाळ हवी, कारंजी आणि रोषणाई पाहायची तर संध्याकाळ हवी, आणि मधली दुपार आपल्याकडच्या उन्हात कोणत्याच बागेची नसते. सगळी आखणी या गोष्टीला धरून करावी.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने सर्वांत सोयीचे. त्याच दिवसांत नाथसागरावर, म्हणजे जायकवाडीच्या जलाशयावर, पाहुणे पक्षी उतरतात. हा जलाशय १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे आणि रोहित पक्ष्यांचे थवे व निरनिराळी बदके पाहायला लांबून लोक येतात. मे महिन्याच्या सुटीत जाणे टळत नसेल, तर बागेत साडेचारच्या आत पाऊल ठेवू नये. फाल्गुन वद्य षष्ठीला, म्हणजे नाथषष्ठीला, पैठणमध्ये दिंड्यांची आणि वारकऱ्यांची दाटी असते; त्या दिवसांत यात्रेसाठी अवश्य जावे, परंतु लहान मुलांची बागेची सहल मात्र वेगळी ठेवावी.

निघण्याच्या आदल्या दिवशी चौकशी करणे हा या आखणीतला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जास्त टाळला जाणारा भाग आहे. उद्यानांना आठवड्याची सुटी असते, ती रविवारीच असेल असे नाही. कारंजी, नौकाविहार आणि झुकझुकगाडी देखभालीसाठी बंद असू शकतात. सिद्धार्थ उद्यानातील प्राणी संभाजीनगरच्याच मिटमिटा भागातील सफारी पार्कमध्ये हलवण्याची योजना असल्याने कोणते प्राणी कुठे आहेत, हेही विचारून घ्यावे. जे सुरू असल्याची खात्री झाली आहे, तेवढेच मुलांना सांगावे. आठ दिवस कारंज्याची वाट पाहिलेल्या मुलाला तिथे गेल्यावर कोरडे हौद दाखवणे फार वाईट.

मोठ्या कुटुंबाला एसटी परवडते. मार्च २०२३ पासून महिलांना सर्व प्रकारच्या एसटी गाड्यांत निम्मे भाडे लागते, ६५ ते ७५ वर्षांच्या ज्येष्ठांनाही निम्मे, आणि ७५ पूर्ण केलेल्यांना ऑगस्ट २०२२ पासून प्रवास मोफत आहे. पाच ते बारा वर्षांच्या मुलांचे अर्धे तिकीट असते. आजी-आजोबांचे आधार कार्ड मात्र सोबत हवे, कारण वयाचा पुरावा वाहकाला दाखवावा लागतो. पैठणला उतरल्यावर परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ तिथल्या चौकशी खिडकीवर लगेच विचारून ठेवावी, कारण रोषणाई पाहून निघायचे तर उशीर होतोच.

शिदोरी घरचीच न्यावी. दुधात भिजवलेल्या पिठाच्या दशम्या, धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी दिवसभर चांगली राहते. दही न्यायचे असेल तर घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात न्यावे आणि उन्हाळ्यात दुपारच्या आत संपवावे. पाणी प्रत्येकाचे वेगळे घ्यावे आणि एक सतरंजी जरूर घ्यावी. खरकटे आणि पिशव्या भरून परत आणण्यासाठी एक रिकामी पिशवी निघतानाच बाजूला काढून ठेवावी, म्हणजे कचरापेटी भरलेली असली तरी अडचण होत नाही.

सिद्धार्थ उद्यानात फाटक उघडण्याच्या सुमारास पोहोचावे आणि बागेतल्या खेळण्यांकडे न वळता थेट प्राणिसंग्रहालयात जावे. एकदा मूल झोपाळ्यावर बसले की पुढचा तास तिथेच जातो आणि तोवर वाघ सावलीला जाऊन आडवा झालेला असतो. वाघ-बिबटे सकाळी आणि सायंकाळी हिंडतेफिरते असतात. दुपारी ते झोपतात, आणि मग ‘हा हलत का नाही’ म्हणून लोक हाका मारू लागतात. मुलांना अगोदरच समजावून सांगावे की झोपलेला प्राणी म्हणजे आपल्या घरात झोपलेले माणूस आहे. हा केवळ सभ्यतेचा प्रश्न नाही. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ मधील कलम ३८-जे नुसार प्राणिसंग्रहालयातील प्राण्यांना चिडवणे, खायला घालणे, आवाज करून त्रास देणे आणि तिथे कचरा टाकणे यांस मनाई आहे. माकडाला शेंगा टाकणारे आजोबा प्रेमानेच टाकत असतात, त्यांना हे घरीच हळुवारपणे सांगून ठेवावे.

मगर पाहायला हिवाळ्यातली सकाळ निवडावी आणि तिथे घाई करू नये. रात्रभर गार पडलेले अंग तापवण्यासाठी ती काठावर येऊन निश्चल पडते, आणि पुरेशी तापली की जबडा उघडा ठेवून उष्णता बाहेर टाकते. मुलांना ती चिडली आहे असे वाटते, तेव्हा खरे कारण सांगावे. सापांच्या काचेवर टकटक करू देऊ नये. सापाला बाहेरचे कान नसतात, परंतु कंपने त्याला नेमकी कळतात, त्यामुळे काचेवरचे बोट त्याला सोसवत नाही. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे आपल्या शेतशिवारातले चार प्रमुख विषारी साप. गावाकडच्या मुलांना त्यांची चित्रे आणि नावे नीट पाठ करून घेण्यासाठी यापेक्षा सुरक्षित जागा नाही, म्हणून तिथे पाच मिनिटे जास्त द्यावीत. ऊन चढू लागले की मग खेळण्यांकडे वळावे, आणि मुलाला सोडण्याआधी पत्र्याच्या घसरगुंडीला हाताची मागची बाजू लावून पाहावी. आपल्याला ती नुसती गरम वाटली तरी चड्डीतल्या लेकराच्या मांडीला ती पोळते.

पैठणचा दिवस याच्या उलट लावावा. सकाळी नाथांच्या समाधीचे दर्शन घ्यावे, मग पैठणी विणण्याचे केंद्र पाहावे. मागावर रंगीत रेशमाच्या छोट्या कांड्या हातांनी फिरवत विणकर पदरावरचा मोर कसा उभा करतो, हे मुलांना जवळून पाहू द्यावे, आणि पदर उलटा करून दाखवण्याची विनंती करावी, कारण चांगल्या पैठणीची नक्षी दोन्ही बाजूंनी सारखीच नीट दिसते. जेवण करून दुपारी सावलीत विसावा घ्यावा. उन्हे कलल्यावर उद्यानात शिरावे.

या उद्यानाचा आवाका मोठा आहे आणि ते संगीत कारंज्यासाठी ओळखले जाते. परंतु सगळे पाहण्याचा हट्ट धरू नये. फाटकाजवळचा एक भाग निवडून तिथे सतरंजी टाकावी, थकलेल्यांनी तिथेच बसावे आणि बाकीच्यांनी तिथून ये-जा करावी. स्वच्छतागृह कुठे आहे ते पहिल्या दहा मिनिटांत पाहून ठेवावे. गुडघे दुखणाऱ्यांना परत येण्याचे अंतर आधी मोजावे लागते, जातानाचे नव्हे. दाट झुडपांत आणि पालापाचोळ्यात हात घालू देऊ नये, आणि झाडावर आग्या मोहोळ दिसले तर दगड मारणे व धूर करणे दूरच, तिथून मुकाट्याने सरकावे.

धरणाविषयी मुले प्रश्न विचारतात, म्हणून थोडी तयारी करून जावे. जायकवाडीची पायाभरणी १९६५ मध्ये पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांनी केली आणि १९७६ मध्ये इंदिरा गांधी यांच्या हस्ते लोकार्पण झाले. सुमारे १० किलोमीटर लांबीच्या या मातीच्या धरणाला २७ दरवाजे आहेत. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये धरण भरल्यावर दरवाजे उघडतात आणि पाणी पाहायला गर्दी लोटते. दरवाज्यांच्या खालच्या बाजूला नदीपात्रात उतरणे मात्र कोणत्याही महिन्यात चुकीचे. कोरडे दिसणारे पात्र विसर्ग वाढला की पाहता पाहता भरते, आणि लेकरू हाताशी असताना पळण्याइतका वेळ मिळत नाही. जलाशयात पोहणेही नको. नावेत बसायचे असेल तर घरातल्या सर्वांत लहानग्यालाही बसेल असे जीवरक्षक जाकीट आहे का, हे तिकीट काढण्यापूर्वी पाहावे.

गोदावरीच्या तापल्या वाळवंटात चुकलेले लेकरू नाथांनी उचलून कडेवर घेतल्याची कथा घरोघरी सांगितली जाते. रोषणाईच्या गर्दीत आपले लेकरू चुकू नये यासाठी फाटकातच त्याचा, त्या दिवशीच्या कपड्यांतला, एक फोटो काढून ठेवावा आणि त्याच्या खिशात पालकांचा मोबाइल क्रमांक लिहिलेली चिठ्ठी ठेवावी. चुकामूक झाली तर कुठे उभे राहायचे, ती जागा त्याला बोटाने दाखवावी. ‘तिकडे त्या झाडाजवळ’ असे नुसते सांगून भागत नाही. दोन मोठ्यांनी लेकरे वाटून घ्यावीत, म्हणजे ‘मला वाटले तुझ्याजवळ आहे’ असे होत नाही. तरीही मूल सापडले नाही, तर आधी पहारेकऱ्याला सांगून फाटकावर लक्ष ठेवायला लावावे आणि लगेच ११२ किंवा बालकांसाठीच्या १०९८ वर फोन करावा. कुणाला भोवळ आली, साप चावला किंवा मधमाश्या डसल्या तर १०८ वरून रुग्णवाहिका बोलवावी. सर्पदंशाच्या जागी कापणे किंवा दोरी आवळणे टाळून त्या माणसाला धीर देत, हालचाल न करू देता, थेट रुग्णालयात न्यावे.

कारंजे संपले की सारी गर्दी एकदम फाटकाकडे धावते. ज्यांना एसटी गाठायची आहे त्यांनी शेवटच्या गाण्याआधीच उठावे. ज्यांची स्वतःची गाडी आहे त्यांनी पंधरा मिनिटे सतरंजीवरच थांबावे आणि गर्दी ओसरल्यावर निघावे.