गेम स्ट्रीम अडखळते तेव्हा: नवे कार्ड घेण्याआधी या चुका टाळा

स्ट्रीम अडखळू लागली की बहुतेकांना पहिला संशय ग्राफिक्स कार्डाचा येतो आणि नव्या खरेदीचा विचार सुरू होतो. निदान न करता केलेली ही खरेदी सर्वांत महागडी चूक आहे. स्ट्रीम पाठवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या ओबीएस स्टुडिओ या सॉफ्टवेअरमधील ‘स्टॅट्स’ ही खिडकी गळालेल्या फ्रेम्सचा हिशेब तीन स्वतंत्र ओळींत देते: रेंडरिंगमध्ये (चित्र तयार होताना) चुकलेल्या, एन्कोडिंगमध्ये (पाठवण्यासाठी व्हिडिओ लहान करताना) वगळलेल्या आणि नेटवर्कमुळे गळालेल्या. आधी यांपैकी कोणता आकडा वाढतो आहे ते पाहावे, कारण तिन्हींचे उपाय एकमेकांच्या कामाचे नाहीत.

रेंडरिंगचा आकडा वाढत असेल, तर गेमने ग्राफिक्स कार्डाची जवळजवळ सगळी क्षमता व्यापलेली असते आणि ओबीएसला स्वतःचे दृश्य जुळवायलाही सवड उरत नाही. कार्ड जुने असेल तरच असे होते, हा समज चुकीचा आहे. गेमच्या फ्रेमरेटवर (दर सेकंदाच्या फ्रेम्सवर) मर्यादा घातली नसेल, तर महागडे कार्डही शंभर टक्क्यांवर जाऊन बसते. म्हणून गेममध्येच फ्रेमरेटची मर्यादा ठरवावी आणि विंडोजवर ओबीएस ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवावे, म्हणजे त्याला कार्डावर प्राधान्य मिळते. अनेकदा एवढ्यानेच काम भागते.

एन्कोडिंगची अडचण बहुधा एक्स२६४ निवडल्यामुळे येते. हा एन्कोडर प्रोसेसरवर चालतो, म्हणजे गेमला ज्या कोअर्सची गरज असते त्यांच्यावरच भार टाकतो. त्यात चांगल्या चित्राच्या आशेने ‘व्हेरीफास्ट’ हा प्रीसेट (तयार सेटिंग) सोडून ‘स्लो’ घेतला, तर भार कितीतरी वाढतो आणि फ्रेम्स गळू लागतात. एनव्हिडियाच्या कार्डांवर एन्कोडिंगसाठी एनव्हेंक हा वेगळा भाग असतो. २०१८ साली आलेल्या आरटीएक्स २० मालिकेपासून त्याचा दर्जा इतका सुधारला आहे की एकाच संगणकावर गेम आणि स्ट्रीम दोन्ही चालवणाऱ्याने एक्स२६४चा हट्ट धरण्याचे कारण मला दिसत नाही. बाहेरच्या उपकरणाचे चित्र संगणकात घेणाऱ्या कॅप्चर कार्डाचेही तसेच आहे: कन्सोल किंवा दुसरा संगणक जोडायचा नसेल, तर त्याची गरजच नसते.

नेटवर्कमुळे फ्रेम्स गळत असतील, तर संगणकात कितीही पैसे ओतले तरी फरक पडणार नाही. येथे डाउनलोडचा वेग पाहून समाधान मानणे ही नेहमीची चूक आहे. स्ट्रीमसाठी अपलोडचा वेग लागतो, तोही सलग टिकणारा. बिटरेट, म्हणजे दर सेकंदाला पाठवला जाणारा डेटा, त्या वेगाच्या तीन चतुर्थांशांपेक्षा खालीच ठेवावा आणि शक्य असेल तेथे वाय-फायऐवजी केबल वापरावी. रेट कंट्रोल सीबीआर (स्थिर बिटरेट) आणि कीफ्रेमचे (पूर्ण चित्र असलेल्या फ्रेमचे) अंतर २ सेकंद ठेवावे.

तिन्ही आकडे शून्य असूनही चित्र धुरकट दिसत असेल, तर दोष बहुधा रिझोल्यूशनच्या हव्यासाचा असतो. ६००० केबीपीएस (किलोबिट प्रति सेकंद) बिटरेटवर ६० फ्रेम्सची १०८०पी स्ट्रीम पाठवताना प्रत्येक पिक्सेलच्या वाट्याला जेवढा डेटा येतो, त्याच्या सव्वादोन पट डेटा ७२०पीला मिळतो. त्यामुळे गवत, पाऊस, धूर आणि वेगाने फिरणारा कॅमेरा असलेल्या गेममध्ये ७२०पीचे चित्रच अधिक स्वच्छ दिसते. संथ, पत्त्यांच्या किंवा डावपेचांच्या गेमला मात्र १०८०पी सहज पेलते.

दोन ग्राफिक्स चिप असलेल्या लॅपटॉपवर ओबीएसमधील गेम कॅप्चर (गेमचे चित्र घेणारा स्रोत) काळे दिसले, तर विंडोजच्या ग्राफिक्स सेटिंगमध्ये ओबीएस आणि गेम एकाच चिपवर आहेत का ते तपासावे. आवाज फाटत असेल किंवा हळूहळू मागे पडत असेल, तर विंडोज आणि ओबीएस दोन्हींकडे सॅम्पल रेट (आवाजाचे नमुने घेण्याचा वेग) ४८ किलोहर्ट्झ असा एकच ठेवावा. सोबत रेकॉर्डिंगही करत असाल, तर ते साध्या एमपी४मध्ये करू नये, कारण मध्येच वीज गेली तर सगळी फाइल निरुपयोगी होऊ शकते. एमकेव्ही या फाइल प्रकारात तोपर्यंतचा भाग वाचतो आणि नंतर ओबीएसमधूनच त्याची एमपी४ फाइल करून घेता येते.