बिल करणाऱ्याला खरेदीभाव दिसू नये, तर

सोलापुरातल्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतला टॉवेलचा कारखाना असो की चाटी गल्लीतलं कापडदुकान, मालकाचं मागणं ठरलेलं: बिल करणाऱ्या पोराला विक्रीभाव दिसावा, खरेदीभाव नाही. डेटाबेस पोस्टग्रेस आहे असं धरतो.

माणसाच्या नावावर परवानग्या देऊ नका. 'बिलिंग' असा रोल, म्हणजे परवानग्यांचा एक गट, करा आणि पोरांचे लॉगिन त्याचे सदस्य करा. रोलला डेटाबेसवर कनेक्ट (जोडणीची परवानगी), स्कीमावर, म्हणजे टेबलं ज्या कप्प्यात आहेत त्यावर, यूसेज (वापराची परवानगी) द्या. झालं.

खरा घोळ पुढे आहे. सर्रास सांगतात की पूर्ण 'माल' टेबलावर सिलेक्ट, म्हणजे वाचायची परवानगी, द्या, मग खरेदीभावाच्या कॉलमपुरता रिव्होक करा, म्हणजे ती काढून घ्या. हा सल्ला साफ चुकीचा. कमांड निमूट चालते, एररही येत नाही, आणि खरेदीभाव दिसतच राहतो. टेबलावर दिलेली परवानगी कॉलमच्या रिव्होकने कमी होत नाही. म्हणून आधी टेबलावरचा सिलेक्ट काढा, 'पब्लिक'ला, म्हणजे सरसकट सगळ्यांना, दिलेला असेल तर तोही, आणि मग हवे ते कॉलम एकेक नाव घेऊन ग्रँट करा, म्हणजे त्यांची परवानगी द्या. क्रम उलटा केलात तर टेबलावरचा रिव्होक कॉलमच्या परवानग्याही पुसून टाकतो आणि काउंटरवर बिलं थांबतात.

आणखी एक. सॉफ्टवेअर 'सिलेक्ट स्टार' मारत असेल, म्हणजे सगळे कॉलम एकदम मागत असेल, तर आता परवानगी नाकारल्याचा एरर येईल. क्वेरी बदलता आली तर बदला. नाहीतर खरेदीभाव वगळून व्ह्यू (टेबलासारखीच वाचता येणारी साठवलेली क्वेरी) करा आणि सिलेक्ट फक्त व्ह्यूवर द्या, मूळ टेबलावर काहीच नको. टेबलात उद्या नवा कॉलम आला तर तो आपोआप दिसणार नाही. ही अडचण समजू नका, तेच हवंय.

तपासणी सुपरयूजरने, म्हणजे डेटाबेसच्या सर्वाधिकारी लॉगिनने, करू नका, त्याला सगळंच दिसतं. 'सेट रोल बिलिंग' करून बघा.

कोणाला काय परवानगी दिली याची नोंद एक्सेलमध्ये ठेवू नका, दोन महिन्यांत ती खोटी पडते. 'कॉमेंट ऑन रोल' आणि 'कॉमेंट ऑन कॉलम' वापरा: कोणी मागितलं, का, तारीख. मात्र कॉमेंट डेटाबेसला जोडलेला कोणीही वाचू शकतो, तेव्हा पासवर्ड तिथं नको, आणि 'पोरावर भरवसा नाही' हेही नको. शेवटी पीजी डंपऑल हे पोस्टग्रेसचं बॅकअपचं साधन चालवून रोल वेगळे काढून ठेवा. एकाच डेटाबेसचा बॅकअप घेणाऱ्या नुसत्या पीजी डंपच्या बॅकअपमध्ये ते येत नाहीत.