घरच्या घरी अलाइनमेंट तपासताना या चुका टाळा

टेप, खडू आणि गवंड्याचा ओळंबा एवढ्यावर पुढच्या चाकांचा टो, म्हणजे वरून पाहता चाकं आत किंवा बाहेर किती वळलेली आहेत ते, घरी मोजता येतो. चूक बहुतेकदा मोजण्यात होत नाही, त्याआधीच्या तयारीत होते.

सगळ्यात जास्त घोळ जागेचा. काळ्या मातीचं अंगण पावसाळ्यात फुगतं आणि उन्हाळ्यात भेगाळतं, तिथे काढलेलं माप धरू नका. कोबा किंवा फरशी हवी, तीही लेव्हल पाईपने तपासलेली. टो मोजताना थोडा उतार चालतो, कँबर (समोरून पाहता चाकाचा आत-बाहेरचा कल) मोजताना अजिबात नाही. डाव्या-उजव्या चाकांत 1400 मिमी अंतर असेल आणि जमीन 10 मिमी तिरकी असेल, तर कँबर 0.4 अंशाने खोटा दिसतो. फरक निघाला तर खालच्या चाकाखाली प्लायवूडचे तुकडे घाला.

हवा सकाळी लवकर, टायर थंड असताना भरा. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा 44-45 च्या पुढे जातो आणि तापमान 5-6 अंशांनी वाढलं की टायरमध्ये साधारण 1 पीएसआय हवा वाढलेली दिसते. गाडीची एक बाजू उन्हात, दुसरी सावलीत असेल तर दोन्हीकडचे आकडे जुळणारच नाहीत. डिकीत युरियाची 45 किलोची गोणी राहिली असेल तर तीही आधी काढा.

मग ढिलेपणा बघा. चाक जॅकवर उचला, खाली स्टँड लावा. 9 आणि 3 वर धरून हलवताना खटखट आली तर टाय रॉड (स्टेअरिंगला चाकाशी जोडणारा दांडा) एंड, 12 आणि 6 वर आली तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट. हे बदलल्याशिवाय मोजणं म्हणजे फुकटची मेहनत. गाडी हलली की आकडा बदलतो.

जॅक काढल्या काढल्या मोजणं ही नेहमीची चूक. चाकं ताणलेलीच राहतात, सस्पेन्शन बसलेलं नसतं. पुढचा भाग दोन-चारदा दाबा आणि गाडी 2-3 मीटर मागे-पुढे ढकला. शेवटची ढकल पुढच्या दिशेनेच हवी, कारण मागे ढकलली की सस्पेन्शनच्या रबरी बुशमधली ढिलाई उलट बाजूला जाते.

आता माप. स्टेअरिंग सरळ ठेवा. दोन्ही पुढच्या टायरच्या मागच्या बाजूला, हबच्या उंचीवर, नक्षीच्या एकाच खाचेत खडूची बारीक खूण करा. मध्ये इंजिन येतं म्हणून टेप सरळ लागत नाही. खुणेवरून ओळंबा सोडून फरशीवर रेघ मारा. गाडी अर्धा फेरा पुढे ढकला. खूण वरून फिरून पुढे येते, त्यामुळे पुसली जात नाही. थांबवायला ब्रेक दाबू नका, लाकडी गुटका लावा. पुन्हा ओळंबा, पुन्हा रेघ. तीच खूण दोन्हीकडे मोजल्याने वाकड्या रिमची चूक निघून जाते. मागचं अंतर जास्त असेल तर टो-इन (चाकं पुढून आत वळलेली), पुढचं जास्त असेल तर टो-आउट (बाहेर वळलेली). मॅन्युअलमध्ये एकूण टो अंशात दिला असेल, तर 600 मिमी व्यासाच्या टायरवर 0.1 अंश म्हणजे सुमारे 1 मिमी. तीनदा मोजा, आकडे 1 मिमीहून जास्त फिरत असतील तर सेटिंगला हात लावू नका.

लावलाच, तर दोन्ही टाय रॉड सारखेच फिरवा, एका वेळी पाव फेऱ्याहून जास्त नाही. एकच फिरवला की सरळ रस्त्यावर स्टेअरिंग वाकडं दिसतं.

गाडी डावीकडे ओढते म्हणून लगेच टो बदलू नका. आपले रस्ते पाणी वाहून जाण्यासाठी कडेला उतरते असतात. सपाट रस्त्यावरही ओढत असेल तर पुढचे दोन टायर आपसात बदला. ओढ दुसऱ्या बाजूला गेली तर दोष टायरचा. एकाच दिशेने फिरणारे, बाण असलेले टायर मात्र असे बदलू नका. चालवून आल्यावर एकाच बाजूची रिम जास्त तापलेली असेल तर ब्रेक अडकतोय.

कॅस्टर, म्हणजे बाजूने पाहता स्टेअरिंगच्या अक्षाचा पुढे-मागे कल, या पद्धतीने मोजता येत नाही. खड्ड्यात जोरात आदळल्यावर किंवा लोअर आर्म बदलल्यावर मशीनवरच गाडी लावा.