गणित कच्चे असलेल्या विद्यार्थ्याने महाविद्यालयात गणिताचा कोणता विषय घ्यावा

गणित कच्चे असलेला विद्यार्थी विषय निवडताना बहुधा 'यातला सोपा कोणता?' एवढेच विचारतो. त्याला सर्वांना लागू पडेल असे उत्तर नाही, कारण एकाला सोपे गेलेले संख्याशास्त्र दुसऱ्याला नकोसे होते. आपले गणित नेमके कोठे अडते आणि घेतलेल्या पदवीला त्यातले किती लागते, हे आधी पाहावे.

अडण्याची जागा गुणपत्रिकेत दिसत नाही. तपासून परत आलेल्या उत्तरपत्रिकेत दिसते. कॅल्क्युलस, म्हणजे बदलाचा दर मोजणारे गणित, डोक्यावरून गेले असे म्हणणाऱ्या विद्यार्थ्याची वही उघडून पाहावी. क्ष² चे विकलन व्याख्येवरून काढताना (क्ष + ह)² − क्ष² या राशीला ह ने भागायचे असते. येथे तो (क्ष + ह)² म्हणजे क्ष² + ह² असे लिहून मोकळा होतो, मधले २क्षह गळते, आणि ह शून्याकडे नेल्यावर उत्तर २क्ष ऐवजी शून्य येते. नवी रीत त्याने बिनचूक वापरली आहे. चुकले आहे ते शाळेतले बीजगणित. अशा विद्यार्थ्याने कॅल्क्युलसवर फुली मारण्यापेक्षा एक सत्र पायाभूत बीजगणिताला द्यावे, हे माझे मत. मात्र पायाभूत विषयाचे क्रेडिट पदवीत धरले जातेच असे नाही, म्हणून नाव नोंदवण्यापूर्वी ते विचारून घ्यावे. आणि असे दोन-तीन विषय ओळीने करावे लागणार असतील, तर मुख्य विषयाबरोबरच जादा तासिका देणारा वर्ग मिळतो का ते पाहावे, कारण रांग लांबली की मध्येच सोडून देणारे वाढतात.

अभियांत्रिकी किंवा भौतिकशास्त्र शिकायचे असेल तर कॅल्क्युलस टळत नाही. मानसशास्त्र, समाजशास्त्र अशा विषयांना बहुधा संख्याशास्त्र पुरते, आणि तेथे चिन्हांची उलथापालथ कमी असते हे खरे. पण वाक्य नीट वाचण्याची कसोटी लागते. १००० माणसांत १० रुग्ण आहेत, चाचणी ९० टक्के रुग्ण ओळखते आणि १० टक्के निरोग्यांनाही चुकून रुग्ण ठरवते, असे समजू. मग ९ रुग्ण आणि ९९ निरोगी, असे १०८ जण रुग्ण ठरतात; म्हणजे चाचणीने बोट दाखवलेल्या बारा जणांत खरा रुग्ण एकच. आकडेमोड प्राथमिक शाळेची आहे, तरी ९० टक्के कशाचे हा घोळ भल्याभल्यांचा होतो. ज्याला शाब्दिक उदाहरणांचीच धास्ती आहे, त्याने संख्याशास्त्राला पळवाट समजू नये. पुढे शाखा बदलण्याचा विचार असेल तर आणखी एक अडचण आहे: कॅल्क्युलसच्या वर्गात बसण्यासाठी संख्याशास्त्र सहसा पूर्वतयारी म्हणून चालत नाही.

आकड्यांचा अंदाजच येत नसेल, अंक वाचतानाच उलटसुलट होत असतील, तर डिस्कॅल्क्युलियाची, म्हणजे आकडे शिकण्या-समजण्यातल्या विशेष अडचणीची, तपासणी करून घ्यावी. निदान झाल्यास परीक्षेत जादा वेळेसारखी सवलत मागता येते. विषय नक्की करण्याआधी त्याची मागील प्रश्नपत्रिका मिळवून तासभर एकट्याने सोडवावी. त्याचबरोबर विषय मागे घेण्याची शेवटची तारीख वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावी आणि पहिली चाचणी त्या तारखेच्या आधी होते की नंतर, हे शिक्षकांना विचारावे.