मोठ्या इंजिनाला जुना ऑटोमॅटिक गिअरबॉक्स घेताय? या चुका टाळा

डिचोलीच्या एका मित्राच्या जुन्या जीपला मोठं टर्बो डिझेल इंजिन बसवायचं ठरलं, तेव्हा स्क्रॅपवाल्याचा फोन आला, "ऑटो गिअरबॉक्स आहे, चालत्या गाडीचा काढलाय." चालत्या गाडीचा! बंद पडलेल्या गाडीचा माल भंगारात कुणी कधी विकलाय का?

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे हॉर्सपॉवर बघून गिअरबॉक्स निवडणं. आतल्या क्लच प्लेटी घसरतात त्या टॉर्कने, म्हणजे इंजिनाच्या फिरवण्याच्या जोराने. २०१४ च्या पेट्रोल होंडा सिटीची ताकद ११९ पीएस (म्हणजे मेट्रिक हॉर्सपॉवर) आणि टॉर्क १४५ एनएम (न्यूटन-मीटर). इनोव्हा क्रिस्टा २.८ ऑटोमॅटिकची ताकद १७४ पीएस, टॉर्क ३६० एनएम. ताकद दीडपट, टॉर्क मात्र अडीचपट. झेडएफ या जर्मन कंपनीच्या गिअरबॉक्सवर नावातच अंदाज मिळतो: ८एचपी४५ म्हणजे आठ गिअर आणि साधारण ४५० एनएम, ८एचपी७० म्हणजे साधारण ७००. (यातला एचपी म्हणजे हॉर्सपॉवर नव्हे, हायड्रॉलिक प्लॅनेटरी. यावर फसलेले मी पाहिलेत.)

आता ऑइल. ड्रेन बोल्ट सैल करून दोन थेंब पांढऱ्या कागदावर घ्या. कोकम सरबतासारखं नितळ लाल दिसलं तर बरं. तपकिरी झालंय, करपल्याचा वास येतोय, तर प्लेटी जळल्यात. आणि सोलकढीसारखं दुधाळ गुलाबी दिसलं तर हात जोडून निघा, आत पाणी गेलंय. प्लेटींवरचं अस्तर ज्या गोंदाने चिकटवलेलं असतं, तो गोंदच पाण्याने सुटतो. २०२१ च्या जुलैत चिपळूण, डिचोली, सत्तरीत पाणी भरलं, तशा पुरात बुडालेल्या गाड्यांचे भाग पुढे कुठे कुठे फिरतात कोण जाणे. ताजं ऑइल भरून ठेवलेलं असू शकतं, म्हणून पॅनही (गिअरबॉक्सच्या तळाचं ऑइलचं ताट) उघडायला लावा. त्यातल्या मॅग्नेटवर बारीक राखाडी लगदा चालतो. धातूचा चकचकीत किस दिसला तर नको.

गिअरबॉक्ससोबत त्याच गाडीचा टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनाची ताकद ऑइलमार्फत गिअरबॉक्सला देणारा भाग), टीसीयू (गिअर कधी बदलायचा ते ठरवणारा कॉम्प्युटर) आणि वायरिंग घ्या. डिझेलचा टीसीयू साडेचार हजार आरपीएमच्या आतच गिअर बदलतो, तो पेट्रोल इंजिनाला लावला तर वरची ताकद वापरलीच जात नाही. आणि इंजिन बदलण्याआधी आरटीओची परवानगी. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ला आपली हौस कळत नाही.

आमची चूक जोडताना झाली. कन्व्हर्टर ढकलत फिरवला की टप्प्याटप्प्याने "खट" करून आत बसतो. शेवटचा "खट" ऐकलाच नाही. बेलहाउसिंग (गिअरबॉक्सचं इंजिनाला जोडलं जाणारं पुढचं तोंड) हाताने टेकेना, तर मेस्त्रीने बोल्ट आवळून ओढून घेतलं. स्टार्टर मारताच गिअरबॉक्सचा ऑइल पंप फुटला. बेलहाउसिंग हाताने टेकलं नाही, तर बोल्टला हात लावू नका.

दुसरा गिअरबॉक्स आणला, आणि त्याचं ऑइल थंड करणारा कूलर जुनाच ठेवला! पहिल्या गिअरबॉक्सचा किस कूलरच्या नळ्यांत होताच. चोर्ला घाटात तिसऱ्या वळणापाशी आरपीएम चढायला लागलं, गाडी मात्र जागच्या जागी. ऑइल काढलं तर काळं. यावेळी कूलर नवा टाकला, नळ्या धुतल्या, रेडिएटरपुढे एक वेगळा छोटा कूलरही लावला.