जुन्या भरवशाच्या ब्रँडकडे परत जाताय? या चुका टाळा

मावशीला फोन लावला तर पलीकडून कुणी अनोळखी माणूस म्हणाला, "राँग नंबर." मी परत लावला. "अहो, सांगितलं ना एकदा!" माझ्या फोनमध्ये त्या नंबरावर नाव 'मावशी' असंच होतं, पण तो नंबर तिने कधीच बदलला होता. झालं होतं असं, की तीन वर्षं दुसऱ्या कंपनीचा फोन वापरून, वैतागून मी माझ्या जुन्या ब्रँडकडे परतलो होतो. नव्या फोनने सुरुवातीलाच विचारलं, "तुमचा बॅकअप सापडला आहे. परत आणायचा?" मी खूश. बोट टेकवलं आणि तीन वर्षांपूर्वीचा मी जसाच्या तसा फोनमध्ये येऊन बसलो: जुने नंबर, पहाटेचे अलार्म, सोडलेल्या नोकरीतल्या वायफायचा पासवर्डसुद्धा.

पहिल्यांदा ब्रँड बदलणारा माणूस दबकत पावलं टाकतो, चार जणांना विचारतो. परत येणारा मात्र "यात मला काय नवीन" म्हणत सुसाट सुटतो, आणि बहुतेक घोळ तिथेच होतात.

राग नक्की कशावर आहे हे न तपासणं

"फोन बंडल निघाला" हे वाक्य बोलायला सोपं. पण आधीच्या फोनवर ज्या चार तक्रारी होत्या त्या एकेक करून तपासा, कारण त्यातल्या काही तुमच्याबरोबर नव्या फोनवरही येणार आहेत.

रेंज जाते? तेच सिम एक दिवस दुसऱ्या कुणाच्या फोनमध्ये घाला. तिथेही जात असेल तर दोष नेटवर्कचा, आणि ब्रँड बदलून ढिम्म फरक पडणार नाही. चार्जिंगची पिन हलवल्याशिवाय चार्ज होत नाही? बऱ्याचदा पोर्टमध्ये खिशातला मऊ कचरा दाबून बसलेला असतो. फोन बंद करून लाकडी काडीने अलगद काढा; सुई, टाचणी असलं धातूचं काही घालू नका. फोन तापतो, हँग होतो? अँड्रॉइड असेल तर सेफ मोडमध्ये चालू करून बघा. त्यात तुम्ही स्वतः टाकलेली ॲप बंद राहतात. तेवढ्यात फोन शहाण्यासारखा वागू लागला तर गुन्हेगार एखादं ॲप आहे, आणि नव्या फोनवर तुम्ही तेच पुन्हा टाकणार आहात. स्टोरेज गच्च भरलं असेल तर कुठलाही फोन रडतखडतच चालतो.

बॅटरीचं गणित वेगळं. लिथियम-आयन बॅटरी झिजतेच, कुठल्याही कंपनीची असो. ॲपल स्वतःच सांगते की आयफोन १४ पर्यंतच्या बॅटऱ्या ५०० पूर्ण चार्जिंगनंतर मूळ क्षमतेच्या ८० टक्के उरतील अशा बेताने बनवलेल्या आहेत. १५ पासून हा आकडा १००० आहे. तेव्हा तीन वर्षं वापरलेल्या फोनची बॅटरी दुपारीच मान टाकत असेल, तर नवा फोन घेण्याआधी नवी बॅटरी घालण्याचा विचार जरूर करा.

माझ्या चारपैकी दोन तक्रारी फोनच्या नव्हत्याच. समोरच्याचा आवाज बारीक येतो म्हणून मी वर्षभर कंपनीला शिव्या घातल्या. कानाजवळची जाळी स्क्रीनगार्डने अर्धी झाकली होती. उरलेल्या दोन मात्र खऱ्या होत्या. कॅमेरा उघडेपर्यंत समोरचं मांजर निघून जायचं, आणि अपडेट येणं थांबलं ते थांबलंच.

पाटी तीच, पण दुकान कुणाचं?

नोकियाचं उदाहरण बघा. ज्या कंपनीच्या फोनवर लोक डोळे मिटून विश्वास टाकायचे, तिचा मोबाइलचा व्यवसाय एप्रिल २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टकडे गेला. पुढे २०१७ पासून नोकिया नावाचे जे अँड्रॉइड फोन आले, ते एचएमडी ग्लोबल या वेगळ्या कंपनीने नाव वापरण्याचा परवाना घेऊन आणले. मोटोरोला आधी गूगलने घेतली आणि २०१४ मध्ये ती लेनोवोकडे गेली. ब्लॅकबेरीने तर ४ जानेवारी २०२२ ला आपल्या जुन्या फोनच्या सेवाच बंद केल्या, आणि एलजीने २०२१ मध्ये मोबाइलचा गाशा गुंडाळला. नवे मालक वाईटच असतात असं नाही. पण तुमचा विश्वास ज्यांच्यावर होता ती माणसं आता तिथे नसतील, तर फोनकडे नव्या कंपनीचा म्हणूनच बघा.

मालक तोच असला तरी दुसरी फसगत होते: आठवणीतला फोन वरच्या श्रेणीतला असतो आणि आज हातात घेतलेला त्याच ब्रँडच्या खालच्या मालिकेतला. मग "यांचा दर्जा घसरला" असा निकाल आपण देऊन टाकतो.

अपडेटचं वचन नीट वाचा. गूगलने पिक्सेल ८ पासून (२०२३) आणि सॅमसंगने गॅलेक्सी एस२४ पासून (२०२४) सात वर्षं अपडेट देण्याचं जाहीर केलं. पण ही वर्षं फोन बाजारात आला त्या दिवसापासून मोजतात, तुम्ही घेतला त्या दिवसापासून नाही. सवलतीत मिळतोय म्हणून दोन वर्षं जुनं मॉडेल घेतलं, तर दोन वर्षं आधीच खर्ची पडलेली असतात. त्याच ब्रँडच्या साध्या मालिकांना हेच वचन असेल असंही धरून चालू नका.

जुनं खातं तसंच असेल असं समजणं

परतणाऱ्यांना हमखास गाठणारा हा घोळ. जुन्या ब्रँडचं तुमचं खातं अजून असतं, पण पासवर्ड आठवत नाही. 'पासवर्ड विसरलात?' वर टिचकी मारली की कोड जातो तुम्ही केव्हाच सोडलेल्या नंबरावर. आणि तो नंबर आता कुणा तिसऱ्याच माणसाकडे असू शकतो.

म्हणून नवा फोन घेण्याआधी, जुना हातात असतानाच, ब्राउझरमधून त्या खात्यात शिरून बघा. नंबर आणि ईमेल बदला, जुनी विकलेली उपकरणं यादीतून काढून टाका. हे फोन विकत घेतल्यावर करायला गेलात तर ओळख पटवण्यात काही दिवसही जाऊ शकतात, आणि तेवढे दिवस नवा फोन नुसता शोभेला. गूगलचं एखादं खातं दोन वर्षं उघडलंच नसेल तर ते पुसलं जाऊ शकतं. हा नियम डिसेंबर २०२३ पासून लागू आहे. "जुने फोटो त्या दुसऱ्या खात्यात आहेत" असं ज्यांना वाटतंय त्यांनी आजच डोकावून यावं.

आणि मावशीचा नंबर? माझे जुने नंबर ब्रँडच्या स्वतःच्या खात्यात होते, मधल्या तीन वर्षांतले गूगलच्या खात्यात. मी पहिलं खातं घातलं, दुसरं घालायला विसरलो. नंतर दुसरं घातलं तर प्रत्येक माणूस दोनदा दिसायला लागला. इथे घाईने 'एकत्र करा' दाबू नका, नाहीतर जुना आणि नवा नंबर एकाच नावाखाली जाऊन बसतात आणि कुठला चालू हे कळत नाही. आधी ब्रँडच्या खात्याचं कॉन्टॅक्ट सिंक बंद करा, त्यातले फक्त तिथेच असलेले कामाचे नंबर वेगळे काढा, मग उरलेलं पुसा. दाबून बसला असाल तरी धीर सोडू नका: गूगल कॉन्टॅक्ट्समध्ये केलेले बदल ३० दिवसांपर्यंत मागे फिरवता येतात.

व्हॉट्सॲप शेवटी बघू म्हणणं

शेवटी नाही, सगळ्यात आधी. बाकी फोटो-नंबर उशिरा आले तरी येतात. चॅटचं तसं नाही.

अँड्रॉइडवर व्हॉट्सॲपचा बॅकअप गूगलच्या खात्यात जातो, आयफोनवर आयक्लाउडमध्ये, म्हणजे ॲपलच्या ऑनलाइन साठ्यात. एकाचा बॅकअप दुसऱ्याला वाचता येत नाही. म्हणजे अँड्रॉइडवरून आयफोनवर परतताना "काल रात्रीच बॅकअप घेतलाय" हे समाधान फुकाचं. तिथे 'मूव्ह टू आयओएस' हे ॲप लागतं, दोन्ही फोनवर नंबर तोच लागतो, आणि आयफोन कोरा लागतो, म्हणजे नवा किंवा रिसेट मारलेला. आधी सेटअप उरकला, चार दिवस वापरला आणि मग चॅट आठवले, तर पुन्हा रिसेट करणं आलं.

परतणाऱ्याची खास गोची ही, की आयक्लाउडमध्ये त्याचा तीन वर्षांपूर्वीचा व्हॉट्सॲप बॅकअप अजून पडून असू शकतो. तो समोर आला की माणूस हो म्हणतो, जुने चॅट दिसतात, आणि मधली तीन वर्षं गायब. दोन्ही बॅकअप जोडून एक करण्याची सोय नाही. कुठला हवा ते आधी ठरवा आणि परत आणण्यापूर्वी बॅकअपची तारीख वाचा. तारीख तिथेच लिहिलेली असते. आपण वाचत नाही.

अँड्रॉइडवरून अँड्रॉइडवर जात असाल तर काम हलकं आहे: व्हॉट्सॲपच्या सेटिंगमधलं चॅट ट्रान्सफर उघडायचं आणि क्यूआर कोड स्कॅन करायचा. फक्त 'रिस्टोअर' विचारल्यावर 'स्किप' दाबू नका. दाबलंच तर ॲप काढून पुन्हा टाका, आणि ते त्याच दिवशी करा, कारण रात्री आपोआप होणारा रिकाम्या चॅटचा बॅकअप आधीच्या भरलेल्या बॅकअपवर जाऊन बसू शकतो. बॅकअपला कधीकाळी पासवर्ड किंवा ६४ अंकी की लावली असेल आणि ती हरवली असेल, तर तो बॅकअप कुणीही उघडू शकत नाही. जुना फोन चालू आहे तोवर त्यातच ते बंद करून नवा बॅकअप घ्या.

आयफोन सोडून जाणाऱ्यांसाठी एक छोटी गोष्ट: सिम काढण्याआधी आयमेसेज (ॲपलची स्वतःची मेसेज सेवा) बंद करा. नाहीतर इतर आयफोनवाल्यांचे मेसेज तुमच्या जुन्या पत्त्यावर जात राहतात आणि तुम्ही रुसलात असं त्यांना वाटतं.

कोड, ई-सिम आणि बाकीची किरकोळ वाटणारी कामं

लॉगिनचे सहा आकडी कोड देणारं ऑथेंटिकेटर ॲप दुसऱ्या फोनवर नुसतं डाउनलोड केलं की कोड येतातच असं नाही. गूगलच्या ऑथेंटिकेटरमध्ये खात्याशी सिंक करण्याची सोय २०२३ मध्ये आली, पण ती चालू आहे का ते तुम्हीच बघायचं. ई-सिम (कार्ड न घालता फोनमध्येच चालणारं सिम) असेल तर ते नव्या फोनवर सुरू झाल्याशिवाय जुना रिसेट करू नका. बँकेचा ओटीपी त्याच नंबरावर येणार आणि नंबर कुठेच नसणार, हा प्रसंग फार केविलवाणा असतो.

फोटो केबलने ओढून घेणाऱ्यांनी एक तपासावं: आयफोनवर 'ऑप्टिमाइझ स्टोरेज' चालू असेल तर मूळ फोटो क्लाउडमध्ये असतात आणि फोनमध्ये बऱ्याचदा नुसत्या छोट्या प्रती. लॉक केलेल्या खासगी फोल्डरमधलं सामान तर आपोआप येईलच असं अजिबात धरू नका. ते हाताने बाहेर काढा.

ॲपल वॉच अँड्रॉइडला जोडता येत नाही, आणि २०२१ पासूनची गॅलेक्सी वॉच आयफोनला. चार्जरचंही तसंच. एका कंपनीचा ८० वॅटचा चार्जर दुसऱ्या कंपनीच्या फोनला त्या वेगाने चार्ज करेलच असं नाही, कारण प्रत्येकाची जलद चार्जिंगची भाषा निराळी. नवा फोन हळू चार्ज होतो अशी तक्रार करण्याआधी हातातला चार्जर कुणाचा ते बघा.

तिसऱ्या दिवशी निकाल देणं

नवा फोन पहिले काही दिवस गरम होतो, बॅटरी भराभर उतरते. आतून तो हजारो फोटो चाळत असतो, ॲप उतरवत असतो, सगळ्याची यादी करत असतो. माझा भाऊ तिसऱ्या दिवशी मला म्हणाला, "दादा, तुझा भरवशाचा ब्रँडपण गेला." आठवडाभराने त्याच फोनची बॅटरी रात्रीपर्यंत पुरायला लागली. रात्री चार्जिंग आणि वायफाय लावून ठेवा, निदान आठवडा जाऊ द्या. त्यानंतरही तापत असेल तर मात्र बदलून घेण्याची मुदत संपायच्या आत दाखवा. 'बघू अजून थोडे दिवस' म्हणत ती मुदत घालवू नका.

मधला फोन लगेच विकून टाकणं

राग असतो, त्यामुळे तो डोळ्यांसमोर नकोसा होतो. तरी महिनाभर कपाटात राहू द्या. मी त्या महिन्यात तो तीनदा उघडला: एकदा नोट्ससाठी, एकदा रेकॉर्डिंगसाठी, एकदा एका विसरलेल्या ॲपच्या लॉगिनसाठी. विकायच्या वेळी आधी खात्यातून बाहेर पडा (आयफोन असेल तर हरवलेला फोन शोधून देणारं 'फाइंड माय' बंद करा), मगच रिसेट मारा. क्रम चुकला तर फोन नव्या मालकाकडे तुमचाच पासवर्ड मागत बसू शकतो आणि तो बिचारा तुम्हाला फोन करत बसतो. सिमचा ट्रे बाहेर ओढून मेमरी कार्ड आत राहिलंय का तेही बघा. माझं राहिलं होतं.