नर्मदेचं पाणी थेट तळ्यात नको

घरच्या नैसर्गिक पोहण्याच्या तळ्यात पाणी औषधानं नाही, तर एका कप्प्यातल्या झाडांनी आणि गोट्यांनी साफ होतं. उन्हाळ्यात त्यातलं पाणी आटलं की आपण सरळ नळ सोडतो. इंदूरला नळाला नर्मदेचं पाणी, आणि त्यात क्लोरीन. गोट्यांवरचा जिवाणूंचा बुळबुळीत थर तळं स्वच्छ ठेवतो, क्लोरीन नेमकं त्यालाच मारतं.

१. नळ एक दिवसाआड येतो ना? मग पाणी उघड्या टाकीत भरा, वर जाळी टाका, दुसऱ्या दिवसापर्यंत उन्हात राहू द्या.
२. नंतर बारीक पाइपानं झाडांच्या कप्प्यात, गोट्यांवरून हळूहळू सोडा.
३. पाणकणसाची वाळकी पानं कापून बाहेर काढा. आत कुजली तर शेवाळाची चंगळ.

गोट्यांतून पाणी फिरवणारा पंप रात्रीही चालू हवा. वीजबिलापायी बंद केलात, तर गोट्यांतल्या जिवाणूंना प्राणवायू मिळत नाही.